आवाजाची तक्रार

हॅरो,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ईरा,

मला ब्लॉक करायच्या आधी तू शेवटचा मेसेज टाकलास, 'बोलायचंच असेल तर कागदावर लिही. मराठीत लिही, इंग्लिशमध्ये तू भाषण करतोस. स्टॅम्प लाव, पोस्टात टाक आणि गप्प बसून वाट बघ. तेवढ्यात डोकं थंड होईल.' घे. कागद बाबांच्या प्रिंटरमधला, स्टॅम्प आईच्या पर्समधला, डोकं अजून गरमच. मराठी ताईने शिकवलेलं. नऊ वर्षांचा असताना पुण्याहून इथे आलो, तेव्हा ती दर रविवारी मला शुद्धलेखन घालायची. चुका सापडल्या तर आता कुणाकडे तक्रार करणार?

ताई जिथे राहायची तिथल्या कौन्सिलचं पाकीट आलंय. आत एक पत्र आणि एक गुळगुळीत पत्रक. पत्रकावर दोन हातांच्या ओंजळीत धरलेलं रोपटं. खून म्हटल्यावर ज्याला रोपटं सुचतं, तो माणूस मला एकदा बघायचाय.

तर ऐक. या देशात नवऱ्याने बायकोला जिवे मारलं की आधी पोलिस येतात, मग कोर्ट, आणि सगळं आटपलं, तो आत गेला, की कौन्सिल एक 'रिव्ह्यू' करतं. जीपी म्हणजे नेहमीचे डॉक्टर, पोलिस, कौन्सिलचं हाउसिंग खातं, सगळे आपापल्या फायली उघडतात आणि बाई जिवंत असताना कुणाला काय कळलं होतं ते बघतात. दोष द्यायला नाही हं! 'शिकण्यासाठी'. हा शब्द पत्रात सहा वेळा आहे. माझी बहीण म्हणजे यांचा होमवर्क.

आणि आम्हा घरच्यांना सहभागी व्हायचं आमंत्रण. चेअरबाईंना भेटायचं. ताई कशी होती ते तीनशे शब्दांत लिहून द्यायचं, त्याला पेन पोर्ट्रेट म्हणतात. आणि अहवालात वापरायला तिच्यासाठी एक खोटं नाव निवडायचं. खरंही चालेल, पण बरीच घरं खोटं निवडतात म्हणे.

अगं, खोटं नाव तिला एकदा ठेवून झालं होतं! लग्नात त्या हरीशने ताटातल्या तांदळात अंगठीने 'कस्तुरी' लिहिलं आणि त्याची आई, मंजिरीबाई, हॉलभर पेढे वाटत सुटली, आजपासून ही आमची कस्तुरी. दोन हजार बावीस साली, लंडनमध्ये, मास्टर्स केलेल्या मुलीचं नाव हे लोक तांदळात बदलतात. पासपोर्टवर अनुया, जीपीकडे अनुया, आणि घरात, जिन्यात, शेजारीपाजारी कस्तुरी. ताई हसली. म्हणाली, 'मारू देत रे हाक. हाकेने काय माणूस बदलतं?' आणि आमचे बाबा, डॉक्टर राजीव, इंजेक्शनच्या लेबलवर एक अक्षर चुकलं तर अख्खं थिएटर डोक्यावर घेणारे भूलतज्ज्ञ, ते टाळ्या वाजवत होते. मी व्हिडिओ काढत होतो.

बाबा म्हणतात, आपण गेलं पाहिजे. मी म्हटलं, जाऊन काय सांगणार? हरीशने गुन्हा कबूल केला म्हणून कोर्टात एक साक्ष झाली नाही, आता हे काय उकरणार? कुणाला काही माहीत नव्हतं. तुम्हाला नव्हतं, आईला नव्हतं, मला नव्हतं. संपलं.

तू नाहीस तर मला आपलं असं कुणी नाही. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरून येणारी प्रत्येक ट्रेन तुझी वाटते, आणि मी तर हॅरोत बसलोय, तिथून एकही ट्रेन इकडे येत नाही. अनब्लॉक कर ना.

तुझाच,
स्वानंद


बर्मिंगहॅम,
११ फेब्रुवारी

स्वानंद,

'प्रिय' लिहीत नाही, गैरसमज नको.

तू मोजतोस म्हणून मीही मोजलं. तुझ्या पत्रात बाकीच्यांना मारलेले टोमणे अकरा. तू स्वतः काय करणार आहेस त्याची वाक्यं शून्य.

पत्रकावरचं रोपटं मलाही आवडलं नसतं. पण रोपट्यावर चिडणं सोपं आहे, म्हणून तू रोपट्यावर चिडलास. तुझ्या आईचं, काकूंचं, एक वाक्य तुझ्या दोन पानांत नाही. त्यांना जायचंय का? विचारलंस?

आणि आणखी एक. तुझे मित्र मला इथे भेटतात. तू त्यांना सांगत फिरतोस, ईराने सोडलं म्हणून मी युनिव्हर्सिटी सोडली. आपलं फाटलं या जानेवारीत. तू सोडलीस तेवीसच्या नोव्हेंबरमध्ये, ताई गेली त्याच आठवड्यात. मला तुझ्या गोष्टीतली खलनायिका व्हायचं नाही, तेवढा पगार मला कुणी देत नाही. मी दिवसाला बारा तास लोकांची बेडपॅन्स उचलते, त्यातून वेळ काढून हे लिहितेय.

काकूंना घेऊन जा. तोंड कमी उघड.

ईरा


हॅरो,
२ मार्च

प्रिय ईरा,

गेलो. खूश?

लायब्ररीच्या वरची खोली. टेबलाच्या बरोब्बर मध्यभागी टिश्यूचा बॉक्स, एक टिश्यू अर्धा बाहेर काढून ठेवलेला, म्हणजे रडणाऱ्याला सोय. चेअरबाई मिसेस ऑल्ड्रिज, साठीच्या, गळ्यात चष्मा, आवाज असा की कुत्रं आजारी आहे हे हळूच सांगणारी व्हेट. बाबांनी रंगीत टॅब लावलेली फाइल नेली होती. आईने चिवड्याचा डबा. खुनाच्या मीटिंगला चिवडा! मी जिन्यात म्हटलं, 'आई, प्लीज.' ती म्हणाली, 'त्या बाई लांबून येणार आहेत.'

आणि त्या बाईंनी खाल्ला गं. दोनदा घेतला. त्याचाही मला राग आला.

त्यांनी आतापर्यंतची माहिती वाचून दाखवली. जीपीकडे अनुया नावाने दोन भेटी. एकदा मनगट सुजलेलं, 'जिन्यात पडले'. एकदा झोप लागत नाही. पोलिसांकडे काही नाही. कौन्सिलकडे काही नाही. बाबा प्रत्येक 'नाही'ला मान डोलवत होते, जणू पेशंटचे रिपोर्ट नॉर्मल आलेत.

आईने विचारलं, इंग्लिशमध्ये, जपून जपून, 'शेवटी शेवटी ती जेवत होती का, हे कुठे लिहिलेलं आहे का?'

मिसेस ऑल्ड्रिज म्हणाल्या, 'आय ॲम सो सॉरी, असं रेकॉर्ड कुणी ठेवत नाही.'

'ठेवायला पाहिजे,' आई म्हणाली. बाईंनी ते लिहून घेतलं. काय करणार त्याचं? शिकणार!

मग खोट्या नावाचा विषय. बाबांनी फाइलचा पिवळा टॅब उघडला. 'नीना. स्पेलिंगला सोपं. आणि आमच्या समाजात कुणाला कळणार नाही.' ईरा, तो माणूस तिच्यासाठी नाव निवडून, टाइप करून, टॅब लावून आला होता! मंडळाच्या दिवाळीत चारचौघांत मान खाली जायला नको म्हणून. मी म्हटलं, 'बाबा, तांदूळ आणलेत का? ताट मागवू?' बाबा म्हणाले, 'स्वानंद, बिहेव्ह.' आई टेबलाकडे बघत राहिली.

तरी बसून होतो. मग बाईंनी चष्मा लावला आणि विचारलं, घरातल्या कुणाजवळ ती कधी मोकळेपणाने बोलली होती का? बाबा 'नो' म्हणाले. आई 'नो' म्हणाली. बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, तुम्हाला आमच्या घरातलं गॉसिप हवंय, की तुमच्या ऑफिसात दोन वर्षं कोण झोपलं होतं ते शोधायचंय? आणि उठून निघून आलो. दार आपटलं, पण ते हळू बंद होणाऱ्या जातीचं निघालं. तेवढंही धड होऊ देत नाहीत.

खाली उभं राहून तुला फोन लावला. ब्लॉक केलेल्या माणसाला कसली रिंग ऐकू येते तुला ठाऊक नसेल. एक येते आणि मरते.

स्वानंद


बर्मिंगहॅम,
९ मार्च

स्वानंद,

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि दाराच्या जागी हसले. मग परत वाचलं आणि हसू गेलं.

बाबांनी नाव निवडलं, तू बसलास. कौन्सिल 'नाही' म्हणालं, तू बसलास. 'ती कुणाजवळ बोलली होती का' विचारल्यावर उठलास. हे मी शोधून काढलेलं नाही, तूच ओळीने लिहिलंयस. त्यावर मी काही विचारणार नाही. तुला सांगायचं तेव्हा सांग, नाहीतर सांगू नकोस, पण मग मला पत्रंही लिहू नकोस.

आता कामाचं. आमच्या वॉर्डात मागे एक आजी आल्या. कागदोपत्री एक नाव, घरी सगळे हाक मारायचे दुसऱ्याच नावाने. ॲम्ब्युलन्सवाल्याने घरचं नाव घातलं, आमच्याकडे नवी फाइल उघडली गेली. पेनिसिलिन चालत नाही हे जुन्या फाइलीत होतं. सून धावत आली आणि ओरडली म्हणून आजी वाचल्या. कॉम्प्युटरला हाक कळत नाही, त्याला जे नाव घालशील तेच तो शोधतो.

त्या बाईंनी सगळीकडे शोधायला काय नाव दिलं? अनुया. आणि त्या इमारतीत तिला अनुया कोण म्हणायचं? तूच लिहिलंस, जिन्यात कस्तुरी. एखाद्या शेजाऱ्याने काही कळवलं असेल तर ते कुठल्या नावाने कळवलं असेल?

हे तुमच्या घरच्यांशिवाय जगात कुणाला सुचणार नाही. त्या बाईंना तांदळाचं ताट माहीत नाही. आणि तुम्ही तिघं तिथे बसून ते सांगितलं नाहीत. एकाला लाज, एकीला भीती, आणि तू ते फक्त बाबांना टोचायला वापरलंस.

ईरा


हॅरो,
६ एप्रिल

ईरा,

महिनाभर लिहिलं नाही. तुझं पत्र उशाखालच्या चार्जरशेजारी होतं. त्यावर एकदा चहा सांडला.

गुरुवारी मसुदा वाचायला बोलावलं होतं. कौन्सिलची खोली, फोन बाहेर, प्रत्येक प्रतीवर नंबर, फोटो काढायचा नाही, खुणा करायला हिरवं पेन. शाळेत पेपर तपासायला बसल्यासारखे आम्ही तिघं. दर पानावर 'नीना'. नीना जीपीकडे गेली. नीना पडली. मी पंधरा पानं कुणा तिसऱ्याच बाईची गोष्ट वाचत होतो.

मग परिच्छेद चोपन्न. 'कुटुंबाला नीनावरील अत्याचाराची कोणतीही कल्पना नव्हती. हस्तक्षेपाची संधी कोणत्याही संस्थेसमोर आलेली दिसत नाही.'

आईने ती ओळ बोटाने वाचली. दोनदा. मग बाबांना हळूच विचारलं, 'म्हणजे आपली काही चूक नव्हती, असंच ना?' बाबा म्हणाले, 'असंच.' दीड वर्षात पहिल्यांदा तिने खुर्चीला पाठ टेकली.

तुला आता सांगतो. तू विचारणार नाही म्हणालीस म्हणून सांगतो.

चौदा ऑक्टोबर, शनिवार. ताई न सांगता बर्मिंगहॅमला आली. एक बॅग. न्यू स्ट्रीटसमोरच्या कॅफेत बसलो. तिने चीज टोस्ट मागवला. मी आपल्या भांडणाचं सांगत होतो, तुझं माझं, वीस मिनिटं तेच, आणि ती ऐकत होती. मग म्हणाली, 'सोनू, हरीश हात उचलतो.' अशी म्हणाली, जशी बाहेर पाऊस आहे म्हणावं. म्हणाली, 'तळमजल्यावरच्या डोरीनबाई आहेत ना, त्यांनी कौन्सिलला दोनदा फोन केला. एक माणूस येऊन गेला. काही झालं नाही, उलट नंतर जास्तच झालं. आता त्याही लेकीकडे चालल्यात कायमच्या. मी आज तुझ्याकडे राहू? आईला इतक्यात नको सांगायला, तिला सोसणार नाही.'

आणि तेव्हा तुझा मेसेज आला. 'सव्वादोनच्या ट्रेनने मैत्रिणीकडे जातेय, मागे येऊ नकोस.'

मी ताईला म्हटलं, अर्ध्या तासात आलो. असं म्हटलं. 'ताई, हे आधी मिटवून येतो.' हे! म्हणजे तू. म्हणजे मी.

सगळे प्लॅटफॉर्म पळत फिरलो. सव्वादोनची गेली, पुढचीही गेली. तू दिसली नाहीस. परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि कॅफेत दुसरीच माणसं बसली होती. फोनवर ताईचा मेसेज, 'घरी निघाले. तू अभ्यास कर. तिला सॉरी म्हण.' मी तिला थम्स अप पाठवला, ईरा. अंगठा. पुढे पाच आठवडे मी तुझ्यामागे होतो आणि तिने परत काही विचारलं नाही.

पोलिसांना सांगितलं, हो, भेटलो होतो, नॉर्मल होती.

आता तू म्हणतेस कस्तुरी नावाने शोधा. डोरीनबाईंचं नाव घेतलं की बाई विचारणार, तुला कुणी सांगितलं? आणि मग चोपन्न नंबरचा परिच्छेद पुसावा लागेल. आईची पाठ मी आत्ताच टेकलेली बघितली. ती मी काढू? तुझ्या त्या कॉम्प्युटरसाठी?

त्या ऑल्ड्रिजबाईला मी कितीही शिव्या घातल्या तरी ती निदान फायली चाळतेय. माझ्याकडे फाइल होती. समोर बसून टोस्ट खात होती.

स्वानंद


बर्मिंगहॅम,
१० एप्रिल

स्वानंद,

त्या दिवशी मी ट्रेनने गेलेच नाही. तू येणार हे माहीत होतं, म्हणून मेसेज टाकला आणि बसने घरी आले. खोलीत बसून मॅगी खाल्ली. तू रिकाम्या प्लॅटफॉर्मवर पळत होतास.

हे मी तुझं ओझं कमी व्हावं म्हणून लिहीत नाही, आणि माझं वाढावं म्हणूनही नाही. खरं आहे म्हणून लिहितेय. माझी माफी मागू नकोस. माफ करणारी मी कोण? मला तिने एकदा तुझ्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर 'याला जेवायला घालत जा' एवढंच सांगितलं होतं.

आईची पाठ, आईची पाठ! ताईनेही तेच म्हटलं होतं, आईला सोसणार नाही. तुमच्या घरात काकूंना काय सोसेल हे काकू सोडून सगळे ठरवतात. ज्या बाईने परक्या खोलीत, परक्या भाषेत 'मुलगी जेवत होती का' विचारलं, तिला काय सोसत नाही ते मला बघायचंय.

आणि एक माणूस येऊन गेला होता म्हणतोस. म्हणजे कुठेतरी त्याची नोंद आहे. आणि अहवाल म्हणणार, संधीच आली नाही. म्हणजे तिने काही केलं नाही, शेजारणीने काही केलं नाही. तू आत्ता गप्प बसलास तर हे वाक्य छापून येईल आणि ते तू लिहिलेलं असेल.

सूचना द्यायची शेवटची तारीख असेल. बघ. चार ओळी लिही. मला नाही, त्या बाईंना. भाषण नको. शिव्या नकोत. डोरीन, तळमजला, दोन फोन, कस्तुरी. आणि तुला कसं माहीत ते.

ईरा


हॅरो,
२५ एप्रिल

ईरा,

आज शेवटची तारीख होती. पाठवल्या. चारच्या पाच ओळी झाल्या, पाचवीत 'नुसत्या दगडांनो' असं होतं, ती खोडली.

उत्तर तासाभरात आलं. शोधतो म्हणाल्या. आणि हेही, की यातलं काही अहवालात जाणार असेल तर पुढच्या भेटीत आईवडिलांसमोर यावं लागेल, त्या माझ्यासाठी लपवू शकत नाहीत. मऊ आवाजाच्या बायकांची हाडं कडक असतात, हे मला माहीत नव्हतं.

आईबाबांना अजून सांगितलं नाही. आई आत पोर्ट्रेट लिहितेय. तीनशे शब्दांत बसत नाही म्हणून तिने ताईची शाळा काढून टाकली.

स्वानंद


हॅरो,
९ जून

ईरा,

नोंद सापडली.

ताईच्या नावाखाली नव्हतीच. डोरीनबाईंच्या नावाखाली, तळमजल्याच्या पत्त्यावर होती. विषय: आवाजाची तक्रार. मिसेस ऑल्ड्रिजनी पान आमच्याकडे फिरवलं. मला पाठ झालंय, जसंच्या तसं मराठीत देतो.

'१९ सप्टेंबर २०२३. तक्रारदाराचं म्हणणं, वरच्या फ्लॅटमध्ये कस्तुरी नावाच्या तरुणीला मारहाण होत असल्याचे आवाज येतात. हा त्यांचा दुसरा फोन. २७ सप्टेंबर. अधिकाऱ्याची वरच्या फ्लॅटला भेट. दार उघडणाऱ्या पुरुषाने सांगितलं, कस्तुरी नावाचं इथे कुणी राहत नाही. पत्नी पुढे आली. नाव विचारलं, अनुया असं सांगितलं. ठीक दिसली. तक्रार बंद.'

वाचलंस? तांदळात लिहिणारा तोच. सगळ्या हॉलसमोर लिहिलं, आणि दारात उभा राहून सांगितलं, अशी कुणी इथे नाही. आणि ताई त्याच्या मागे उभी राहून आपलं खरं नाव सांगते, आणि त्या खऱ्या नावावर तो क्लिपबोर्डवाला टिक करून जिना उतरतो. हाउसिंगकडून आलेला एक सूटवाला म्हणाला, 'इट्स अ सिस्टिम्स इश्यू.' मारहाणीला आवाज म्हणायचं आणि माणसाला सिस्टिम! त्याला मी काय म्हणालो ते लिहीत नाही, तू कागद फाडशील. मिसेस ऑल्ड्रिज त्याला म्हणाल्या, 'ते आपण नंतर बोलू,' आणि हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्यात व्हेट नव्हती.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघून सांगितलं. मराठीत. कॅफे, बॅग, डोरीनबाई, 'मी आज तुझ्याकडे राहू', तू, प्लॅटफॉर्म, अंगठा. एका दमात. बाबांनी फाइलचे टॅब एकेक करून आत दाबले, पिवळा, हिरवा, गुलाबी, मग फाइल पायाशी ठेवली. घरी आल्यावर बागेत जाऊन गवत कापलं, आधीच कापलेलं.

आई रडली नाही. तिने टिश्यूचा बॉक्स सूटवाल्याकडे सरकवला. का ते मला विचारू नकोस. मग मिसेस ऑल्ड्रिजना म्हणाली, 'नॉट नीना. हर नेम इज अनुया.' मग माझ्याकडे वळून मराठीत, 'एकदा बदलू दिलं मी. मीच बाबांना म्हटलं होतं, त्यांची हौस आहे, होऊ दे.'

बाई म्हणाल्या, सगळीकडे अनुया करते. फक्त वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून त्या नोंदीतलंही कस्तुरी बदलून अनुया करू का? मी म्हटलं, नाही. तिथे कस्तुरीच राहील. वाचणाऱ्याचा होऊ दे गोंधळ, कौन्सिलचा झाला तसा.

शेवटी चोपन्न. बाईंनी वाक्य बदलून लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'अनुयाने आपल्या भावाला मारहाणीबद्दल सांगितलं होतं आणि त्याच्याकडे राहण्याची विचारणा केली होती. तो तिथून निघून गेला.' अहवालात माझं नाव नाही. नुसतं 'भाऊ'. माझ्यावर आधी नजर टाकून मग त्यांनी आईला विचारलं, 'हे थोडं सौम्य करू शकते मी. तो फक्त एकोणीस वर्षांचा होता, असं घालू?'

आई म्हणाली, 'नको. आहे तसंच असू दे.'

परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. समोर बसली, डबा मांडीवर. वेम्बली पार्क गेलं, प्रेस्टन रोड गेलं. बाबा दाराशी उभे. हॅरोला उतरल्यावर ती गेटजवळ माझ्यासाठी थांबली. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने विचारलं, 'त्या दिवशी जेवली होती का ती? तुझ्यासमोर?'

मी म्हटलं, टोस्ट मागवला होता. चीज टोस्ट.

'सगळा खाल्ला?'

'अर्धा.'

'मग उरलेला?'

मी निघालो तेव्हा ताईने तो नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला होता, सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं म्हणून. हे तुलाही लिहिलं नव्हतं.

'मी खाल्ला,' मी आईला सांगितलं. 'प्लॅटफॉर्मवर.'

स्वानंद